बिनबॅटरीचा वॉकी-टॉकी

कोरियन मालिका म्हटलं की आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींना छत्रीखालचा हिरो आणि पहिला बर्फ आठवतो. तिथल्या गुन्हेमालिका मात्र वेगळ्याच मातीच्या. त्यातली मला सर्वांत आवडलेली, आणि जिच्याशी भांडावंसं वाटतं अशी, म्हणजे २०१६ ची ‘सिग्नल’. लेखिका किम उन-ही, भाग सोळा.

गोष्ट अशी. २०१५ मधल्या पार्क हे-यंग या तरुण पोलिसाच्या हाती एक जुना वॉकी-टॉकी येतो. त्यात बॅटरीच नाही. तरी रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी तो बोलू लागतो. पलीकडे असतो ली जे-हान, कित्येक वर्षं मागच्या काळातला डिटेक्टिव्ह. दोघं मिळून न सुटलेल्या केसेस उकलू लागतात.

पहिलीच केस एका लहान मुलीच्या अपहरणाची. कोरियात जुन्या खुनांना १५ वर्षांची मुदत होती. ती उलटली की गुन्हेगार समोर असला तरी खटला नाही. मुदत संपायला काही तास उरलेत आणि पोलीस धावताहेत. आम्ही उधन्याच्या घरी हे बघत होतो. आईला सबटायटल्स जमत नाहीत, म्हणून मी मध्येमध्ये थांबवून सांगत होतो. बायको आणि मी ‘खुनी कोण?’ यावर पैज लावत होतो. आई धुळ्याकडची, तिने आपल्या अहिराणीत वेगळंच विचारलं, “मंग तिनी मायनं काय व्हयनं रे?” मुलीच्या आईचं पुढे काय झालं?

हीच ‘सिग्नल’ची खरी ताकद. मेलेल्या माणसाला ती नुसता पुरावा समजत नाही. मागे वाट बघत बसलेल्यांजवळ थांबते.

दुसरी जमेची बाजू, इथे भूतकाळ बदलणं फुकटात होत नाही. एक जीव वाचवायला जावं, तर दुसरीकडेच काही बिघडतं. चालू सिस्टिममध्ये रात्री घाईने पॅच टाकलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

आता उणिवा. बदललेला भूतकाळ कोणाला आठवतो, कोणाला नाही, याचे नियम सोयीप्रमाणे वाकतात. भ्रष्ट वरिष्ठ अधिकारी पहिल्या भागापासूनच ‘मी खलनायक’ असा चेहरा करून फिरतो. शेवट इतका मोकळा सोडलाय की सोळा तास दिल्यावर थोडी चिडचिड होते.

पण माझं मोठं भांडण वेगळं आहे. मालिकेतली एक केस ह्वासोंगच्या खऱ्या हत्यांवर बेतलेली आहे. १९८६ ते १९९१ या काळात तिथे दहा स्त्रिया मारल्या गेल्या. पडद्यावर वॉकी-टॉकी मदतीला येतो. प्रत्यक्षात जपून ठेवलेल्या जुन्या पुराव्यांची नव्याने डीएनए तपासणी झाली आणि २०१९ मध्ये गुन्हेगार सापडला. तो मेहुणीच्या खुनासाठी १९९४ पासून तुरुंगातच होता! या खुनांची मुदत २००६ मध्येच संपली होती, त्यामुळे त्यांच्यासाठी खटला झालाच नाही. त्यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने सुमारे २० वर्षं तुरुंगात काढली. तो २०२० मध्ये निर्दोष ठरला. त्याची गेलेली वर्षं कुठल्याच वॉकी-टॉकीने परत येणार नाहीत. ‘सिग्नल’ हा दिलासा जरा स्वस्तात देते.

कोरियाने खुनाची मुदत २०१५ मध्ये काढून टाकली. आपल्याकडे खुनाला अशी मुदत नाहीच. पण मुदत नसणं वेगळं आणि फाईल जिवंत असणं वेगळं. परभणी जिल्ह्यातल्या १९७०च्या दशकातल्या हत्यांवरची ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका यासाठी ‘सिग्नल’नंतर लगेच बघावी. तिथे जादूचं यंत्र नाही. रमाकांत कुलकर्णींसारखा अधिकारी आहे आणि माणसांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारण्याची चिकाटी आहे.

तरीही ‘सिग्नल’ जरूर बघा, शक्यतो घरातल्या मोठ्यांसोबत. खुनी कोण हे तुम्ही ओळखालच. त्या मुलीच्या आईचं काय झालं, हे विचारणारं माणूस शेजारी असू द्या.