क्रम दोन, नावे दोन

कोशात शब्द शोधताना आपण नकळत एक गोष्ट गृहीत धरतो: कोशकाराचा वर्णक्रम आणि आपला वर्णक्रम एकच आहे. शाळेत शिकलेली वर्णमाला ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना अखेरीस बसवते; वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत कोशात मात्र ‘क्षमा’ हा शब्द ‘क’च्या विभागात सापडतो. दोन्ही क्रम सयुक्तिक आहेत. पण एका क्रमाने रचलेल्या कोशात दुसऱ्या क्रमाने शोधले, तर असलेला शब्दही नसल्यासारखा होतो.

हास्केल या संगणकीय भाषेत काम करताना हाच प्रश्न मला नव्याने भेटला. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘टाइप क्लास’ची कल्पना या भाषेच्या मुळाशी आहे. टाइप क्लास हा एक करार असतो, उदाहरणार्थ ‘क्रम लावता येणे’. एखाद्या टाइपने तो कसा पाळायचा, हे ‘इन्स्टन्स’ सांगते.

समजा, ‘शब्द’ हा टाइप कुणीतरी क्रमाविनाच तयार केला. पुढे एका मॉड्यूलने त्याला मराठी क्रम दिला, दुसऱ्याने संस्कृत. करार आणि टाइप या दोहोंच्या घराबाहेर जन्मलेल्या अशा इन्स्टन्सना ‘अनाथ’ म्हणतात. त्यांना नाव नसते, आणि मॉड्यूल आयात केले की त्या वगळता येत नाहीत. दोन्ही मॉड्यूल आणणाऱ्या तिसऱ्याने दोन शब्दांची तुलना मागितली, की कंपायलर अडतो. हे अडणे बरेच म्हणायचे. तिसऱ्याने एका मॉड्यूलमध्ये रचलेला शब्दसंच दुसऱ्याकडे शोधासाठी नुसता पोचवला, तर कंपायलर गप्प राहतो आणि ‘क्षमा’ हरवते.

यावरचा रूढ उपाय ‘न्यूटाइप’: त्याच शब्दाला ‘मराठी-क्रमातला शब्द’ असे वेगळे टाइप-नाम द्यायचे. मग दोन संचांची गल्लत होऊच शकत नाही. हास्केलचे प्रमाण ग्रंथालयही हेच करते. पूर्णांक बेरजेने एकत्र येतात तसे गुणाकारानेही. म्हणून त्यांना एकच रीत न लादता ‘सम’ आणि ‘प्रॉडक्ट’ अशी दोन वेष्टने दिली आहेत.

साहित्याच्या अभ्यासकाला हा काच वाटेल. संदर्भाने अर्थ ठरू द्यावा, ही आपली सवय. स्काला या भाषेने बरेचसे तेच केले. उलट रस्टने अनाथांना बंदीच घातली. न्यूटाइपची वेष्टने चढवणे-उतरवणे कंटाळवाणे आहे, हेही खरे. तरीही मला हा मार्ग चिकित्सक आवृत्तीच्या संपादकाचा वाटतो. तो पाठभेद पुसत नाही, पण प्रत्येक पाठ कोणत्या हस्तलिखितातला, हे खुणेने नोंदवतो. अनेकत्वाला आपण मोकळेपणा म्हणतो; निनावी राहिले, तर त्याची किंमत मात्र पुढच्या वाचकाला मोजावी लागते.