वैजापूरच्या अंधारातला हिरवा उजेड

नगरसूल मागे पडलं की थोड्या वेळात रोटेगाव येतं. स्टेशनाचं नाव रोटेगाव, पण उतरणाऱ्या बहुतेकांना जायचं असतं वैजापूरला. आता समृद्धी महामार्गानं गाड्या भरारा येतात, तरी बहिणीकडे जायचं तर मला रेल्वेच बरी वाटते. खिडकीतून माळ बघत जाता येतं.

हा तालुका तसा कोरडाच. दक्षिणेच्या कडेनं गोदावरी वाहते, नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचं पाणी जिथवर पोचलं तिथवर हिरवं दिसतं. बाकी मुरमाड रान, दगडी बांध, बाजरी, मका, कपाशी आणि कांदा. बहिणीची वस्ती अशाच एका माळाला लागून आहे. वैशाखात गेलो तेव्हा कांदा चाळीत भरून झाला होता आणि उकाड्यामुळे सगळं घर अंगणात झोपत होतं.

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, बूट घाला. तुम्हाला एक गंमत दाखवतो." त्याच्या हातात एक छोटी बॅटरी होती. नोटा खऱ्या की खोट्या हे बघायला दुकानदार वापरतात तसली, जांभळा उजेड देणारी. अमावास्या जवळ आलेली, त्यामुळे अंधार चांगलाच दाट होता. बांधाजवळ जाऊन त्यानं झोत टाकला मात्र, दगडांच्या फटीत एक हिरवट निळा ठिपका पेटल्यासारखा दिसला. वाकून पाहतो तो विंचू! नांगीपासून आकड्यांपर्यंत सगळा हिरवागार, जणू कुणी रंगात बुडवून काढलेला. साधी बॅटरी लावली तर तोच विंचू मातीच्या रंगाचा, दिसता दिसेना.

तासाभरात आम्ही चौदा मोजले. बांधात सहा, सरपणाच्या ढिगाला तीन, गोवऱ्यांच्या राशीपाशी चार. आणि एक कांदाचाळीच्या खांबाला, जिथून नातीची बाज पाच पावलांवर होती. तो दिसल्यावर बहीण काही बोलली नाही. उठून तिनं बाज घरात ओढली.

एक मादी पाठीवर पिलं घेऊन बसली होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे आपण नुसतं म्हणतो. मी ते या वयात प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. गंमत म्हणजे आई हिरवी आणि पिलं फिकट पांढरी. नुकत्याच जन्मलेल्या किंवा कात टाकलेल्या विंचवाची कातडी मऊ असते, ती फारशी चमकत नाही. ती टणक होत जाते तशी चमक येते. मेलेला विंचूसुद्धा चमकतो, कारण चमकणारं द्रव्य कातडीतच मुरलेलं असतं.

हा उजेड काजव्यासारखा नव्हे. काजवा आपला दिवा स्वतःच्या पोटात तयार करतो. मांजराच्या डोळ्याचंही वेगळं, तो आरशासारखा पडलेला उजेड परत फेकतो. विंचवाचा प्रकार तिसरा. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण त्याची कातडी पिऊन टाकते आणि त्या बदल्यात हिरवट निळा उजेड बाहेर सोडते. मोठी नोट देऊन चिल्लर घ्यावी आणि मोडणावळीत थोडे पैसे जावेत, तसला हा व्यवहार. याला प्रतिदीप्ती म्हणतात. साबणाच्या पावडरीत धुतलेलं पांढरं धोतर त्या बॅटरीत भगभगीत दिसतं, तेही यामुळेच.

भाच्यानं मग भिंतीवरच्या पालीवर झोत टाकला. ती निळसर दिसली, बाकी काही नाही. नात म्हणाली, "ही का हिरवी होत नाही?" तेव्हा मला नामिबच्या वाळवंटातल्या पालीची गोष्ट आठवली आणि अंगणातच बसून ती सांगितली.

आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याला नामिब नावाचं वाळवंट आहे. तिथं वीतभरही नसलेली एक पाल राहते. बदकासारखे पडदे असलेले पाय, त्यामुळे वाळूत रुतत नाही. कातडी इतकी पातळ की आतलं दिसावं. दिवसा वाळूत बीळ करून राहते आणि रात्री बाहेर पडते. पाऊस जवळजवळ नाही. समुद्रावरून धुकं येतं, त्याचं दव अंगावर, डोळ्यांवर जमतं आणि ही बाई जीभ काढून स्वतःचा डोळा चाटते. तेवढंच पाणी!

या पालीच्या दोन्ही कुशींना आणि डोळ्यांभोवती अतिनील उजेडात हिरवे पट्टे चमकतात, हे जर्मनीतल्या म्युनिकच्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. चमक येते ती कातडीच्या काही खास पेशींतून. त्या पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे बारीक स्फटिक असतात. शेतकऱ्याला हे नाव अगदीच परकं नाही. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं ग्वानो खत असतं ना, त्यातूनच १८४४ साली हे द्रव्य प्रथम वेगळं केलं गेलं. माशाच्या खवल्याची चांदीसारखी झाकही त्याचीच.

पट्टे अंगाच्या खालच्या बाजूला आहेत. वरून झडप घालणाऱ्या घुबडाला ते दिसायचे नाहीत, पण वाळूवर समोरून येणाऱ्या दुसऱ्या पालीच्या नजरेच्या उंचीला ते बरोबर येतात. एवढ्या ओसाड मुलखात चांदण्या रात्री आपल्या जातीचं कुणी दिसावं म्हणून हे असावं, असा संशोधकांचा कयास आहे. विंचू का चमकतो यावर मात्र अजून त्यांचं एकमत नाही.

बहिणीचं लक्ष या गोष्टीत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर १९६८ साल होतं. आमचा सात वर्षांचा चुलतभाऊ खळ्यावर विंचू चावून गेला, तेव्हा रात्रभर मंत्र चालले होते. थंडगार हातपाय, दरदरून घाम, उलट्या, पहाटे श्वास लागला. तेव्हा यावर हुकमी औषध नव्हतंच. पुढे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात विंचूदंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे अभ्यासले आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर लागू पडतं हे दाखवून दिलं. जिवावर बेतलेल्या शंभरांतले चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

धोका मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा लहान तांबड्या विंचवाचा जास्त. चावल्यावर चिरा देणं, घट्ट बांधणं, मांत्रिक शोधणं यात वेळ दवडू नये. पोर असेल तर लगेच दवाखाना गाठावा. आणि पाल दिसली की केरसुणी उगारायची आपली सवय! पाल विषारी नसते, जगातली कुठलीच नाही. घरातले किडे ती खाते. अन्न झाकून ठेवलं की झालं.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं सरपण अंगणातून हलवलं. बहिणीनं ती बॅटरी दाराजवळच्या खुंटीला टांगली आणि नातीला बजावलं, "डोळ्यांवर मारायची नाही, फक्त जमिनीवर." संध्याकाळी मी गाडीला निघालो तर पोरगी दिवेलागणीपूर्वीच बूट घालून तयार होती.