खाऊ कुणी कुणाला द्यायचा?

मराठीतला 'खाऊ' हा शब्द मला फार आवडतो. मोठी माणसे मिठाई खातात, फराळ करतात. खाऊ मात्र लेकरांचाच. बाजाराहून आलेल्या अब्बांच्या पिशवीत तो असायचा. तो मिळवण्यासाठी काही करून दाखवावे लागत नसे, लेकरू असणे एवढे पुरे होते. म्हणूनच वर्गात खाऊचे बक्षीस होते तेव्हा मला प्रश्न पडतो.

जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मी बरीच वर्षे दुसरी-तिसरीचे वर्ग घेतले. पाढा बिनचूक म्हणणाऱ्याला लिमलेटची गोळी, शुद्धलेखनात चूक नसली की चॉकलेट, अशी रीत काही सहकाऱ्यांनी ठेवली होती. हेतू चांगलाच होता. गोळ्या ते स्वतःच्या पैशाने आणत. प्रश्न विचारला की हात भराभर वर होत, पण ते नेहमीच्या सात-आठ मुलांचे. ज्यांच्या घरी दखनी बोलतात, ज्यांची पुस्तकातल्या मराठीशी पहिली गाठ शाळेतच पडते, अशी आपली मुले उत्तर येत असूनही वाक्य जुळवेपर्यंत मागे राहत. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या मुलांचेही तसेच. गोळी कुणाच्या तोंडात जाणार हे वर्गाला आधीच ठाऊक असे.

एका रमजानात तिसरीतल्या मुलीने पहिलाच रोजा ठेवला होता. बाराचा पाढा म्हटल्यावर गोळी तिच्या हातावर आली. शेजारच्या मुली म्हणू लागल्या, "खा की गं!" तिने ती इफ्तारसाठी कंपासपेटीत ठेवली. मग दुपारभर तिचे लक्ष फळ्याकडे नव्हते, पेटीकडे होते. आठ वर्षांच्या पोरीची दोन परीक्षा एकाच दिवशी कशाला घ्यायच्या?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना सांगितले गेले, 'चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल.' काहींना ते न सांगता शेवटी दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. तिथे गोळी नव्हती, कागद होता. पण सौदा तोच.

आता आपल्या घरातली रीत आठवून पाहा. चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या लेकराची बिस्मिल्लाखानी होते आणि शिरनी वाटली जाते. मूल कुरआनशरीफ पहिल्यांदा वाचून पूर्ण करते, तेव्हा त्याचे घरवाले मकतबात बताशे किंवा बुंदी घेऊन जातात. ज्याने काही मिळवले तो वाटतो, आणि अजून अलिफ-बेवर अडखळणाऱ्यालाही तेवढाच वाटा मिळतो. एकाचे यश दुसऱ्याच्या तोंडाला गोड लागते. वर्गात आपण हीच गोष्ट उलटी केली. हुशार मूल खाते, बाकीची बघतात.

माझ्या वर्गात मी गूळ-शेंगदाण्यांचा डबा ठेवीत असे. कुणाला अडलेला पाढा आला, कुणी पहिल्यांदा उभे राहून धडा वाचला, की डबा त्याच्या हाती. त्याने सगळ्यांना वाटायचे. मागच्या बाकावरचा मुलगा डबा घेऊन रांगेतून फिरे, तेव्हा वर्ग त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाही. कधी डबा निघेल हे मी आधी सांगत नसे.

२०२० च्या नियमांनी शाळेत आणि आवारापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकायला मनाई केली. दातांच्या, तब्येतीच्या दृष्टीने ते योग्यच. पण वर्गातला माझा प्रश्न साखरेपुरता नाही. गोळीऐवजी खोडरबर दिले तरी तो उरतोच.

आता मोहल्ल्यातल्या काही मकतबांतही नंबर काढणे आणि पहिल्याला चॉकलेट देणे सुरू झाले आहे. पालकांनी आणि उस्तादांनी मिळून याचा विचार करावा. शिरनीची रीत आपल्याकडे आहेच. ती शाळेत नेता आली तर उत्तम, निदान मकतबातून तरी जाऊ देऊ नये.