मंडईच्या रात्रीचं दप्तर

१ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, तेव्हा आमच्या घरी पुरण शिजलं. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला पायी गेलेल्या बायांच्या मोर्चात माझी आई होती. सोबत शेजारची मावशी, माझ्या मैत्रिणीची आई. दोघींच्या पायाला फोड आले होते आणि दोघी ते मिरवायच्या.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. भंडारा आणि नागपूर मात्र मोकळे. दारू कोणत्या वाटेनं येईल हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

अकरावीत मैत्रीण तुटक वागू लागली. सायकलनं एकत्र जाणं बंद झालं. एकदा तिचं दप्तर उचलू लागले तर तिनं हात झटकला. पोराबिराचं लफडं असेल, असं मला वाटलं. आईही म्हणायची, ‘‘तिच्या नादी लागू नको.’’ का, म्हणून विचारलं की तिला नेमकी भांडी घासायची आठवण व्हायची.

दिवाळीनंतर गावात मंडई भरली. रात्री वडसाच्या कंपनीचं नाटक. आमच्याकडे नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि रडण्याच्या प्रवेशाला कुणी जागचं हलत नाही. ती नेमकी तेव्हाच उठली. मी मागोमाग निघाले. मंडपातल्या पेटीचे सूर मागे पडत गेले. तणसीच्या ढिगाआड दिवा बंद केलेली मोटरसायकल उभी होती. ती चुंगडीतून एकेक पव्वा काढून दप्तरात रचत होती, मध्ये चिंध्या कोंबून, आवाज होऊ नये म्हणून. मोबाइलच्या उजेडात एक चिंधी दिसली, निळ्या चौकटीची. माझ्या पाचवीतल्या फ्रॉकची.

मोटरसायकलवर बाबा होते.

मला पाहून ते काही बोलले नाहीत. गाडी ढकलत अंधारात गेले.

‘‘तू कायले आलीस?’’ ती म्हणाली. ‘‘तुले कळू नये म्हणून बोलणं सोडलं, तरी आलीस.’’

तिचे वडील वारले होते, घरावर कर्ज होतं. बाबा माल आणायचे, मावशी विकायची. मोर्चात गेलेल्या बायांच्या घरी झडती कोण घेणार? आईला ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. फ्रॉक तिच्या पेटीतला होता आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला.

बंदी चुकीची होती, असं शहरातली माणसं सहज बोलतात. बाजाराच्या दिवशी नवऱ्याच्या खिशातली मजुरी वाचवायला ज्या बाया चिमूरहून निघाल्या, त्यांच्यासमोर मला तसं म्हणवत नाही. पण चोरटा माल पोरींच्या दप्तरातून फिरला, हेही मी पाहिलंय.

मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं बंदी उठवली. दुकानं उघडली, बाबांचा धंदा बसला. मैत्रीण आता नागपूरला नोकरीला आहे. मधली वर्षं आम्ही लग्नाकार्यात भेटलो तर नुसतं हसायचो. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, ‘‘तुया बाबाले सांग, मायचे अठराशे रुपये अजून बाकी आहेत.’’

‘‘तूच सांग,’’ म्हटलं आणि फोन बाबांच्या हातात दिला.