सल काढायची बॅटरी

संत्र्याचा तोडा आटोपला की आमच्या मोहगावात सल काढायची घाई सुरू होते. सल म्हणजे वाळलेली फांदी. ती नुसती मोडून भागत नाही. तिच्यासोबत दोनेक सेंटिमीटर हिरवा भाग कापावा लागतो आणि कापल्या जागी बोर्डो मलम लावावं लागतं. कसर ठेवली की रोग पुढच्या फांदीत उतरतो. हे काम आम्ही वर्षानुवर्षं कैचीनं आणि आरीनं केलं. आता जाणता मजूर मिळत नाही. तरुण पोरं बोरगावच्या कारखान्यांत जातात, नाहीतर नागपूर धरतात. म्हणून बागांमध्ये बॅटरीवरची कैची आली, तिच्यामागून हातात मावणारी छोटी चेन सॉ आली. यंत्र चांगलंच आहे. सगळा घोळ बॅटरीत आहे.

दुकानात गेलं की एका डब्यावर 21 व्होल्ट, दुसऱ्यावर 48 व्हीएफ, तिसऱ्यावर 88 व्हीएफ. साहजिकच हात मोठ्या आकड्याकडे जातो. मी मात्र आधी सौंसरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यानं दुरुस्तीला आलेला 88 चा पॅक माझ्यासमोर उघडला. आत बोटाएवढे पाच सेल, निकेलच्या पट्टीनं एकापुढे एक जोडलेले, वर एक छोटी सर्किटची पाटी, आणि उरलेली अर्धी पेटी रिकामी. ‘‘स्टिकर नको पाहू भाऊ, आतमधी सेल किती हाय ते पाय,’’ तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात सगळा हिशेब आला. लिथियमचा एक सेल काम करताना साधारण 3.6 व्होल्ट देतो, म्हणून पाच सेल मिळून 18. तोच सेल पूर्ण भरला की 4.2 वर जातो, आणि पाचांचे 21 होतात. म्हणजे एका कंपनीचा 18 आणि दुसरीचा 21 हा बहुतेक वेळा एकच पॅक असतो. पाच सेलमधून 88 व्होल्ट येऊच शकत नाहीत. तो नुसता छापलेला आकडा.

पॅकवर छापलेल्या अँपिअर-अवरचंही तसंच. हे सेल 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असतात, त्यांना 18650 म्हणतात. यातला चांगल्यातला चांगला सेल साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास थांबतो. त्यामुळे असे पाचच सेल असलेल्या पॅकवर 6 लिहिलं असेल तर ते खोटं आहे. पॅक हातात घेऊन वजन पाहावं. एक सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे दहा सेलचे साडेचारशे ग्रॅम, पेटी वेगळी.

मी दहा सेलचा, 18 व्होल्ट 4 अँपिअर-अवरचा पॅक घेतला. व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणलं की 72 वॉट-अवर. त्यावरून खरा साठा कळतो. पण साठ्यापेक्षा मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. जाड फांदीत चेन सॉ अडली की मोटर एकदम करंट ओढते. समजा 20 अँपिअर ओढला, तर पाच सेलच्या पॅकमध्ये प्रत्येक सेलवर पूर्ण वीसचा भार येतो. दहाच्या पॅकमध्ये दोन-दोन सेल जोडीनं असतात, प्रत्येकाच्या वाट्याला दहाच. सेल कमी तापतो, व्होल्ट फारसा पडत नाही, आणि काप एका दमात स्वच्छ होतो. संत्र्याच्या झाडाला स्वच्छ कापच हवा. कैचीला मात्र पाच सेलचा हलका पॅक बरा, दिवसभर मनगटावर तोलायचा असतो.

फवारणीच्या पंपात मी अजून 12 व्होल्टची शिशाचीच बॅटरी ठेवली आहे. ती जड आहे, पण पंप करंट बेतानं ओढतो आणि तशी बॅटरी सौंसरात केव्हाही मिळते. तिची एकच अट: काम झालं की त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावायची. रिकामी ठेवली की पाट्यांवर सल्फेट धरतं आणि ती कायमची बसते. लिथियमचं उलट आहे. ती महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर अर्धी भरलेली ठेवावी, आणि आमच्या उन्हाळ्यात टिनाखाली तर मुळीच ठेवू नये. रानातून तापून आलेला पॅक लगेच चार्जरला लावू नये. 45 अंशांवर चार्जिंग केलं की सेलचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

माझं मत विचाराल तर तीन कंपन्यांची तीन स्वस्त यंत्रं घेण्यापेक्षा एकाच कंपनीची यंत्रं, दोन दमदार पॅक आणि एक चार्जर घ्यावा. घेताना सेलची संख्या, वॉट-अवर आणि भारतीय मानक ब्युरोची खूण पाहावी.

आणि एक कळकळीची विनंती. काढलेली सल आपण बांधावर ढीग करून पेटवतो. फुगलेली, मेलेली बॅटरी त्या ढिगात टाकू नका, ती फुटते आणि तिचा धूर विषारी असतो. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. जिथून घेतली त्या दुकानात नेऊन द्या.