द्विधातू पट्टीस अनावृत पत्र



शाळेच्या पुस्तकात तुझं चित्र असतं: तापलीस की वाकतेस, निवलीस की सरळ होतेस. यातला दुसरा भाग मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

वाकण्याबद्दल वाद नाही. एक मीटर पितळ 100 अंशांनी तापलं की सुमारे 1.9 मिलिमीटर वाढतं, पोलाद 1.2. सुटी असती तर दोघं आपापली वाढली असती. तुझ्यात ती जन्माची जखडलेली, म्हणून कमान होते. जॉन हॅरिसननं हाच स्वभाव हेरून तुला सागरी घड्याळात बसवलं. 1740 साली हाती घेतलेल्या त्याच्या या तिसऱ्या घड्याळानं त्याची 19 वर्षं खाल्ली. पुढे 1896 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ गियोम यांना इन्व्हार हा जेमतेम वाढणारा मिश्रधातू सापडला. पोलादाच्या जागी तो आला आणि तू जास्तच वाकू लागलीस.

आता परत येण्याचं. तापताना पितळ लांबू पाहतं आणि पोलाद त्याला अडवतं. पितळ दाबलं जातं, पोलाद ताणलं जातं. हे स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत राहिलं तर निवल्यावर काही उरत नाही. मर्यादा ओलांडली की पितळ कायमचं किंचित आखूड होतं आणि निवल्यावर तू त्याच्या बाजूला कललेली राहतेस. पुढची फेरी त्या कललेल्या जागेवरून सुरू. बहुतेकदा काही फेऱ्यांत हे सरकणं थांबतं. कधी मात्र चीर पडेपर्यंत चालूच राहतं.

कारखानदार हे ओळखून असतात. तुला कापून, घडवून झालं की वापरातल्या तापमानापेक्षा जास्त तापवून निववतात. हलायचं ते तिथंच हलून घे, असा हिशेब. चित्राखाली एवढी ओळ छापायला काय हरकत होती? इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्येही तूच असतेस. इस्त्रीनं शर्ट जाळला की दुरुस्तीवाला ‘थर्मोस्टॅट गेला’ म्हणून मोकळा होतो. कधी कॉन्टॅक्ट चिकटलेले असतात, कधी तूच जरा सरकलेली असतेस.

तरी तुझं बरं आहे, तुला वाकायला जागा असते. सर्किट बोर्डावरच्या डाखाला तीही नाही. एका अंगाला जेमतेम वाढणारी सिलिकॉनची चिप, दुसऱ्या अंगाला तिच्या सहा-सात पट वाढणारं तांबं, आणि मध्ये हा. कथील-शिशाचा एकेकाळचा नेहमीचा डाख 183 अंशांनाच वितळतो, त्यामुळे खोलीतली ऊबसुद्धा त्याला हळूहळू सरकायला पुरते. यंत्र चालू-बंद होईल तसा तो पुढेमागे ओढला जातो आणि शेवटी तडकतो. मग थापट मारली की टीव्ही चालतो, पुन्हा बंद पडतो.

कळावे.