आवाजाचा रकाना

मोटारी विकत घेणारे आणि मोटारींवर जीव लावणारे, असे दोन वेगळे वर्ग असतात. पहिल्या वर्गात माझी गणना कधी होईल असे वाटत नाही. दुसऱ्यात मात्र मी लहानपणापासून आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला पोर्शेचे काय पडले आहे, असे स्टाफरूममध्ये मला हसून विचारतात. माझे अब्बा टॅक्सी चालवायचे. बॉनेट न उघडता, नुसते कान देऊन ते गाडीचे दुखणे सांगायचे. इंजिन ही ऐकायचीही चीज आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले.

म्हणूनच २०१६ मध्ये पोर्शेची बॉक्स्टर नव्या रूपात आली आणि जगभरच्या शौकिनांत एकच गलका उठला, तेव्हा मला तो परका वाटला नाही. १९९६ पासून या छोट्या, उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीत समोरासमोर आडवे झोपवलेले सहा सिलिंडर होते. त्यांना टर्बो नव्हता. नव्या गाडीत सहाचे चार झाले आणि सोबत टर्बो आला. नाव ठेवले ७१८ बॉक्स्टर. १९५७ च्या ७१८ या शर्यतीच्या गाडीतही चारच सिलिंडर होते आणि तिने सिसिलीची टार्गा फ्लोरिओ शर्यत १९५९ व १९६० अशी दोनदा जिंकून दिली होती. चार सिलिंडर म्हणजे कमीपणा नव्हे, आपल्या खानदानातलीच गोष्ट आहे, असे कंपनीला सुचवायचे होते.

रूपाबद्दल फारशी तक्रार झाली नाही. चेहरा रुंद झाला, मागच्या दिव्यांच्या मधल्या काळ्या पट्टीवर कंपनीचे नाव आले. आकडे तर सगळेच बाजूने होते. साध्या बॉक्स्टरची ताकद २६५ वरून ३०० अश्वशक्तीवर गेली, 'एस'ची ३१५ वरून ३५० वर. पुरेशी साधने बसवलेली साधी गाडीसुद्धा ४.७ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठू लागली. तरी शौकीन नाराजच. त्यांचे म्हणणे एवढेच, की गाडीचा आवाज गेला. जुने इंजिन वेग वाढत जाई तसे सूर चढवत नेई. नवे घुरघुरते. कित्येकांनी त्याची तुलना सुबारूच्या इंजिनाशी केली, आणि ती कौतुकाने केलेली नव्हती.

हे असे का झाले, ते मी नववीच्या वर्गात भिरभिऱ्याने समजावते. एकाच दांडीच्या दोन टोकांना दोन भिरभिरी आहेत असे समजा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक फिरवतो. त्याबरोबर दुसरे फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. पण इंजिनाचा आवाज ज्या धुराच्या धक्क्यांतून जन्मतो, त्यांच्याच वाटेत आता एक चक्र बसलेले असते. ते धक्क्यांतली ऊर्जा काढून घेते आणि आवाज दबतो. शिवाय सहाचे चार झाले की दोन फेऱ्यांमध्ये सहा ठोक्यांऐवजी चारच पडतात. म्हणजे ताल बदलला आणि गळाही बसला.

कंपनीने हे हौसेने केले नाही. युरोपीय संघाने २००९ मध्ये कायदा करून नव्या मोटारींच्या धुराला मर्यादा घातली. २०१५ पर्यंत सरासरी दर किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डाय ऑक्साइड आणि पुढे ९५ ग्रॅम. हवा सगळ्यांची आहे. जे कधी अशा गाडीत बसणार नाहीत त्यांचीही आहे, म्हणजे माझीही आहे. कायद्याच्या बाजूने मी हात वर करीन. तरीही त्या शौकिनांना वेडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडे २००८-०९ च्या सुमारास बुलेटला नवे इंजिन आले, तेव्हा जुन्या धडधडीसाठी हळहळणारे लोक मी पाहिले आहेत. नवी गाडी तेल कमी गाळते, हे त्यांनाही मान्य होते.

असा विलाप पोर्शेने आधीही ऐकला होता. १९९७ मध्ये ९११ चे इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले, तेव्हा आता सगळे संपले असे लोक म्हणाले होते. तिच्या आणि पहिल्या बॉक्स्टरच्या दिव्यांना तर तळलेल्या अंड्याची उपमा मिळाली. आज त्याच गाड्या प्रेमाने जपणारे लोक आहेत.

यावेळी मात्र कंपनीने थोडे ऐकले. २०१९-२० मध्ये टर्बो नसलेले, चार लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन ७१८ मध्ये परत आले. पण फक्त वरच्या, महागड्या प्रकारांत. खालच्यांना चारच. २०२५ मध्ये पेट्रोलवरच्या ७१८ चे उत्पादन थांबले. तिची वारसदार विजेवर चालणार, असे आधीच ठरले होते. त्याच वर्षी कंपनीने सांगितले, की वरच्या श्रेणीत पेट्रोलचे इंजिनही ठेवू. मला खुपते ते हे. कायद्याने आवाज सगळ्यांचा गेला असता तर एक वेळ समजले असते. इथे तो ज्यांच्या खिशाला परवडतो त्यांना परत मिळतो, आणि बाकीच्यांना अश्वशक्तीचा तक्ता दाखवला जातो.

तक्त्यांशी माझा रोजचा संबंध आहे. शाळेचा निकाल किती टक्के वाढला, याचा रकाना असतो. एखाद्या मुलाचा उर्दू वाचतानाचा लहजा ऐकून वर्ग गप्प होतो, त्याचा रकाना नसतो. म्हणून निकाल वाढू नये असे कोण म्हणेल? पण जे गेले ते गेले, एवढे तरी कुणी म्हणायला हवे. शौकीन तेवढेच म्हणत होते.

गेल्या चाचणीत मी टर्बोचे फायदे आणि तोटे विचारले होते. एका मुलीने तोट्यांत रीतसर दोन मुद्दे लिहिले आणि खाली तिसरा जोडला: 'आवाज बदलतो.' पुस्तकात हे नाही. मी अर्धा गुण दिला.